ठिपके पुसून मिळतील

आमच्या तळघरात जो कोणी उपचाराला येतो, त्याच्या अंगावर आम्ही तीन ठिपके गोंदतो. गोंदतो म्हणजे खरंखुरं गोंदतो, काळ्या शाईचा थेंब आणि त्यावर सुईची टोच. छातीच्या मध्यावर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक. रेडिएशन रोज नेमकं त्याच जागी पडायला हवं आणि माणूस काही रोज नेमका तसाच झोपत नाही. म्हणून भिंतींतून हिरव्या उजेडाच्या रेषा येतात, त्या ठिपक्यांशी जुळवायच्या, मगच मशीन चालू करायचं. उपचार पाच आठवड्यांत संपतो. ठिपके जन्माचे.

हे काम ज्या माणसाने एकतीस वर्षं केलं, त्याला अख्खं हॉस्पिटल ठिपकेकाका म्हणतं. मी त्यांच्या खोलीबाहेरच्या खिडकीत बसते. नंबर पुकारणं, तारखा देणं, रडणाऱ्याला पाणी देणं आणि ओरडणाऱ्याला खुर्ची देणं, ही माझी कामं. एकोणीस वर्षं झाली. मी गोड बोलते असं आजवर मला कोणी म्हटलेलं नाही, आणि कोणी म्हटलं तर मीच विश्वास ठेवणार नाही.

काका अंगाने काडी. पेशंटना टेबलावर सरकवून सरकवून कंबर गेलेली, त्यामुळे चालताना जरा डावीकडे कलतात. चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला. मशीनची खोली गार ठेवावी लागते म्हणून बारा महिने अंगात तोच करडा स्वेटर, कोपरांवर विरलेला. पेशंटला हात लावण्याआधी ते नळाच्या कोमट पाण्याखाली दोन्ही हात धरून उभे राहतात. बाहेर तीस माणसं ताटकळलेली असली तरी हे चुकत नाही. मी कितीदा तरी आतल्या फोनवर खेकसले आहे, "काका, हात उबवून झाले असतील तर पुढचा नंबर पाठवू का?" ते म्हणत, "एक मिनिट." त्यांचं एक मिनिट मला पुरतं ठाऊक झालं होतं.

सुई टोचताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "टोचेल जरा. आणि हा राहील." बाकीचे तंत्रज्ञ फक्त पहिला अर्धा भाग म्हणतात. दुसऱ्या भागावरून जुन्या मोठ्या डॉक्टरांनी काकांना एकदा झापलंही होतं. आधीच माणूस घाबरलेला, त्यात हे कशाला ऐकवायचं? काकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी परत तेच म्हणाले. राहणार आहे तर सांगायला नको का, एवढंच त्यांचं म्हणणं.

लोकांचेही एकेक नमुने. एक पैलवानी अंगाचा माणूस आला होता. खांद्यापासून मनगटापर्यंत वाघ, तलवारी आणि कुठल्याशा बाईचा चेहरा, तिळाएवढी जागा मोकळी नाही. काकांनी एक ठिपका टोचला आणि तो पठ्ठ्या सरळ बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "ते मी स्वतः मागून घेतले होते हो." काकांना ते वाक्य फार लागलं. दोन दिवस तेच घोकत होते.

त्यांच्या घरीही याच विषयावरून एकदा महाभारत झालं. मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागली आणि पहिल्याच महिन्यात खांद्यावर पंख पसरलेला पक्षी गोंदवून घरी आली. आमच्या या मवाळ माणसाने त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. "उद्या पस्तावशील! जन्मभर राहतं ते!" पोरगी बापासारखी मवाळ नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवसाला चार जणांना गोंदता." काका म्हणाले, "ते लोक मागत नाहीत!" "तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि आत निघून गेली. पंधरा दिवस दोघं एकमेकांशी बायकोच्या मार्फत बोलत होते. हे मला काकांनीच सांगितलं, डबा खाता खाता, भिंतीला पाठ टेकून. ते कधी बसून जेवत नाहीत. बसलं की उठताना कंबर धरते.

गेल्या वर्षी जुने मोठे डॉक्टर निवृत्त झाले आणि नव्या मॅडम आल्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, हुशार, आणि सदैव घाईत. त्यांच्याबरोबर नवीन मशीनही आलं. त्याला छताला तीन कॅमेरे आहेत, ते म्हणे माणसाची अख्खी कातडीच ओळखतात. ठिपके नकोत, टोचणं नको. मॅडमनी काकांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "काका, तुमची सुई आता कपाटात." काका हसले. निवृत्तीला चार महिने उरले होते. त्या हसण्यात आनंद किती होता ते मला सांगता येणार नाही, पण सुटल्यासारखं तोंड मात्र झालं होतं.

मग मॅडमच्या डोक्यात आलं की ज्या जुन्या पेशंटना पाच वर्षं पूर्ण झाली आहेत, तपासणी बंद झाली आहे, त्यांचे ठिपके लेझरने काढून द्यायचे. फुकट. कातडीच्या विभागातून एक तरुण डॉक्टरीणबाई दर मंगळवारी छोटं मशीन घेऊन खाली येणार. कल्पना चांगली होती, नाही म्हणत नाही. फक्त यादी करायची कोणी आणि फोन करायचे कोणी, याचा विचार अशा कल्पना काढणाऱ्यांना कधीच करावा लागत नाही. चारशे अकरा नावं माझ्या टेबलावर येऊन पडली.

महिनाभर मी फोन करत होते. "नमस्कार, तुमच्या अंगावर उपचाराच्या वेळचे ठिपके आहेत ना, ते काढून हवेत का?" हे वाक्य चारशे वेळा म्हणून बघा, म्हणजे माझा स्वभाव असा का आहे ते कळेल. एक निवृत्त बसचालक म्हणाले, "नको, माझ्या नातवंडांना मी दाखवतो, गोळ्या लागल्या होत्या म्हणून." एक मास्तरीणबाई फोनवरच रडायला लागल्या. सात वर्षं त्या आंघोळीत तो छातीवरचा ठिपका घासत होत्या, शाई आहे, जाईल म्हणून. एकाने विचारलं, "फुकट आहे? मग काढा." त्याच्या कुठे ठिपके होते हेही त्याला आठवत नव्हतं. एका मुलीने आमच्या ठिपक्याभोवती मोठं कमळ काढून घेतलं होतं आणि आता तिला त्या कमळाचा कंटाळा आला होता. तेही काढाल का, म्हणाली. मी म्हटलं, "बाई, आम्ही आमचंच निस्तरतो आहोत."

आणि एकवीस फोन असे की समोरून मुलगा, नाहीतर नवरा, नाहीतर सून. "ती गेली हो, मागच्याच वर्षी." मग मी काय बोलायचं? सॉरी म्हणायचं आणि नावापुढे आडवी रेघ मारायची. दुपारपर्यंत माझ्या अंगातलं त्राण जायचं. मॅडम येता-जाता विचारायच्या, "प्रतिसाद कसा आहे?" मी म्हणायची, "चांगला आहे."

यादी घेऊन मी एका सकाळी काकांकडे गेले. लेझरवाल्या डॉक्टरीणबाईंना ठिपका कोणता आणि तीळ कोणता हे नक्की कळत नव्हतं. इतक्या वर्षांत शाई फिकी होते, कातडी सैल होते, आणि सुईचा ठिपका मुळातच तिळासारखा दिसतो. म्हणून काकांनी दर मंगळवारी भिंग घेऊन उभं राहायचं आणि खऱ्या ठिपक्याभोवती पांढऱ्या पेन्सिलीने गोल काढून द्यायचा, असं ठरलं होतं. पुढच्या मंगळवारची सहा नावं त्यांनी वाचली. चौथ्या नावावर त्यांचं बोट थांबलं.

"या येणार आहेत?"

"कोण, पोहणाऱ्या बाई? हो. सगळ्यांत आधी हो म्हणाल्या त्याच."

पोहणाऱ्या बाई आम्हाला सगळ्यांना चांगल्या आठवत होत्या. तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवतात. खणखणीत आवाज, आखूड केस, उपचाराला यायच्या तेव्हाही केसांना क्लोरीनचा वास. फोनवर त्यांनी मला सगळं सांगून टाकलं होतं. सहा वर्षं त्या गळाबंद पोशाख घालून पाण्यात उतरतात, कारण मुलं विचारतात, टीचर, इथे पेन लागलंय. आता तो जुना, मोकळ्या गळ्याचा पोशाख परत घालणार. "बास झालं," म्हणाल्या, "आता मला त्यातलं काही नको अंगावर."

काकांनी यादी माझ्या हातात परत दिली आणि दार लावून घेतलं. मग जे सांगितलं ते त्यांनी सहा वर्षांत घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

रेषा जुळवताना खोलीतला दिवा मंद करावा लागतो. नियम असा की दोघांनी बघायचं, एकाने जुळवायचं आणि दुसऱ्याने तपासायचं. त्या आठवड्यात काकांची जोडीदारीण तंत्रज्ञ तीन दिवस रजेवर होती आणि बदली कोणी आलं नाही. दिवसाला बेचाळीस पेशंट. पोहणाऱ्या बाईंच्या डाव्या कुशीवर ठिपक्याच्या मागे बोटभर अंतरावर एक तीळ आहे, निळसर काळा. काकांनी तीन दिवस रेषा त्या तिळाशी जुळवली. चौथ्या दिवशी जोडीदारीण रजेवरून आली, वाकून बघितलं आणि हळूच म्हणाली, "काका, हा तीळ आहे."

"मग?" मी विचारलं.

"लगेच वर जाऊन सांगितलं मोठ्या डॉक्टरांना. त्यांनी कागदावर सगळं मांडून बघितलं. पंचवीसपैकी तीन दिवस, एका कडेला थोडं कमी पडलं. म्हणाले, काही फरक पडत नाही. पुढचं नीट करा. आणि तिला सांगू नका, उगाच जिवाला घोर."

"बरोबरच बोलले की."

"बोलले ना."

"बाई ठणठणीत आहे, काका. पाच वर्षं पुरी झाली. फाईल बंद झाली."

"दर तपासणीला यायच्या," काका म्हणाले. "काचेतून हात करायच्या. काका, अजून आहे हं मी! आणि बाहेर बसलेल्या नव्या बायकांना सांगायच्या, यांच्या हातात सगळं सोपवा आणि डोळे मिटून पडा. मी आत मशीनमागे जाऊन उभा राहायचो. तीनदा फोन उचललाय मी त्यांना करायला. तीनदा ठेवलाय."

मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "हे बघा, आता चार महिन्यांचे दोन उरलेत. वेड्यासारखं काही करू नका. त्या बाई ठिपके काढायला येताहेत. गोल काढा, नमस्कार करा, आणि मोकळे व्हा. एवढी वर्षं पोटात ठेवलंत, आता दोन महिन्यांनी काय बिघडतंय? तुमच्या मनाला टोचतंय ते तुमच्यापाशी ठेवा. त्यांच्या गळ्यात कशाला मारता?"

ते ऐकत होते. मग म्हणाले, "तुझ्या अंगावर झालं असतं तर तुला कळायला हवं होतं का?"

"मला नको होतं," मी म्हटलं. ते खोटं होतं. माझ्या बाबतीत असं झालं असतं तर मी हॉस्पिटल डोक्यावर घेतलं असतं. पण त्या क्षणी मला फक्त हा माणूस सुखरूप घरी जायला हवा होता. एकोणीस वर्षं शेजारी काढल्यावर एवढी अपेक्षा कोणीही करेल.

मंगळवारी पोहणाऱ्या बाई ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी आल्या. केस ओले. माझ्या खिडकीवर टकटक करून म्हणाल्या, "काय हो, अजून तशाच का चिडलेल्या?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी खास." दोघी हसलो. बाईपेशंट असली की खोलीत डॉक्टरांखेरीज आणखी एक बाई हजर लागते, आणि त्या दिवशी नर्स वर अडकली होती. म्हणून मीच आत गेले. नर्सची वाट बघायला हवी होती, असं मला नंतर कितीदा तरी वाटलं. पण नर्स असती तरी काय वेगळं झालं असतं म्हणा.

बाई गाउन घालून टेबलावर आडव्या झाल्या. जुनंच टेबल, त्यांच्या ओळखीचं. काकांनी नळाखाली हात धरले. लेझरवाली डॉक्टरीणबाई कोपऱ्यात आपलं मशीन जोडत होती आणि डोळ्यांना लावायचे रंगीत चष्मे पुसत होती. काकांनी छातीवरच्या ठिपक्याभोवती गोल काढला. उजव्या कुशीवर काढला. मग ते डावीकडे आले आणि भिंग डोळ्याला लावून वाकले.

बाई छताकडे बघत थट्टेने म्हणाल्या, "काका, नीट बघा हं. तिथे माझा तीळ आहे. तो राहू द्या. तुमचा ठिपका समजून त्याला नका जाळू."

काकांचा हात थांबला. मी त्यांच्या पाठीमागे होते. मी त्यांचा स्वेटर मागून ओढला, अगदी लहान मुलासारखा. त्यांना कळलंही असेल. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"ताई, एकदा तसं झालंय," ते म्हणाले. "माझ्या हातून."

बाईंना आधी ती थट्टाच वाटली. हसत त्यांनी मान वळवली आणि काकांचं तोंड बघितलं. मग काकांनी आपली चूक सांगितली. कितवा दिवस ते सांगितलं, सातवा, आठवा आणि नववा. मंद दिवा, रजेवरची जोडीदारीण, बेचाळीस पेशंट, यातलं काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "मी तीळ बघून रेषा लावली. तीन दिवस."

डॉक्टरीणबाईने हातातला चष्मा खाली ठेवला.  

"किती सरकलं?" बाईंनी विचारलं.

"बोटभर. मागच्या बाजूला."

"म्हणजे जिथे द्यायचं होतं तिथे दिलंच नाही?"

"दिलं. कडेला तीन दिवस थोडं कमी. बाकीचे बावीस दिवस नेमकं. डॉक्टरांनी तपासून बघितलं होतं, फरक पडत नाही म्हणाले."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मीही तेच म्हणतो. मनापासून."

"मग सहा वर्षं का नाही सांगितलंत?"

"आधी सांगू नका म्हणाले होते," काका म्हणाले, आणि लगेच डोकं हलवलं. "नाही. मला धीर झाला नाही."

बाई उठून बसल्या. गाउन दोन्ही हातांनी गळ्याशी धरला होता. आवाज चढला नव्हता, उलट खूप खाली गेला होता. तलावाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा आवाज तो. मला भीती वाटली. ओरडल्या असत्या तर मला जमलं असतं, ओरडणाऱ्यांची मला सवय आहे.

"काका, हे माझ्यासाठी सांगितलंत की तुमच्यासाठी?"

त्यांनी वेळ घेतला. हा माणूस सगळ्याच गोष्टींना वेळ घेतो. मग म्हणाले, "माझ्यासाठी."

बाईंनी मान हलवली, जणू तेवढं तरी खरं बोललात. मग त्या डॉक्टरीणबाईकडे वळल्या. "तुमचं मशीन बंद करा. मला नाही काढायचे."

"अहो, अजिबात दुखत नाही," ती बिचारी घाईघाईने म्हणाली. "चिमट्याएवढं. पाच मिनिटं फक्त."

"दुखेल म्हणून नको म्हणत नाहीये."

"ताई, नव्या मशीनला ठिपके लागत नाहीत," काका म्हणाले. "उद्या काही झालंच, होणार नाही, पण झालंच, तरी हे लागणार नाहीत. तुम्ही खुशाल काढा. त्यासाठीच आलात ना."

"मशीनला नसतील लागत," बाई म्हणाल्या. "मला लागतील. रोज बघायला. या बाजूला काही हाताला लागतंय का ते कुठून कुठपर्यंत चाचपायचं, ते कसं कळणार मला नाहीतर?"

 मी पडदा ओढला आणि त्यांचे कपडे आत दिले.  मग बटणं लावल्याचा आवाज आला. काका टेबलापाशी तसेच उभे होते, हातात पांढरी पेन्सिल. मला त्यांचा इतका संताप आला होता, आणि इतकी दया, की दोन्हींपैकी एकही धड करता येईना. मी त्यांच्या हातातून पेन्सिल काढून ट्रेमध्ये ठेवली.

बाई बाहेर आल्या आणि माझ्या खिडकीशी उभ्या राहिल्या. मी धावत जाऊन माझ्या जागेवर बसले, जणू मधलं काही मी पाहिलंच नव्हतं. नकाराच्या कागदावर त्यांनी सही केली. कारणाच्या रकान्यात काय लिहू असं मी विचारणारच होते, पण विचारलं नाही. मी आपलं लिहिलं, पेशंटची इच्छा.

"तक्रार करायची असेल तर वर मॅडम आहेत," मी म्हटलं. हे काकांच्या विरोधात होतं, पण बाईंना एवढं सांगणं आमचं देणंच होतं, आणि मला त्या वेळी बाईंच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

"तक्रार कशाची करू?" त्या म्हणाल्या. "मला काही झालेलंच नाही. एवढंच, की सकाळी घरातून निघाले तेव्हा मी बरी झालेली बाई होते." मग त्यांनी विचारलं, "तपासणीची तारीख मिळेल?"

त्यांची तपासणी गेल्याच वर्षी संपली होती. फाईल वरच्या मजल्यावर बंद झालेल्या गठ्ठ्यात गेली होती. मी संगणकावर ती परत उघडली. परत उघडायला एक कारण निवडावं लागतं, त्यात 'पेशंटची काळजी' असं काही नसतं. मी 'इतर' निवडलं आणि तारखा बघू लागले.

तेवढ्यात काका खोलीतून बाहेर आले. एका हाताने भिंत धरून, नेहमीसारखे डावीकडे कलत. बाईंच्या मागे जरा अंतरावर थांबले. मला म्हणाले, "माझे अजून दोन महिने आहेत. त्याआधीची तारीख दे. मी स्वतः सोबत थांबेन. स्कॅन मी समोर उभा राहून करून घेईन. आणि नंतरही फोन केला तर मी घरून येईन." मग बाईंना म्हणाले, "चालेल ना, ताई?"

बाईंनी वळून त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर काकांना बरं वाटलं असतं, हे मी शपथेवर सांगते.

"नको, काका," त्या म्हणाल्या. "दुसरं कोणीही चालेल."

काका म्हणाले, "बरोबर आहे." मग ते आत गेले आणि मला नळाचं पाणी सोडल्याचा आवाज ऐकू आला. मी पुढच्या महिन्यातला गुरुवार लिहून दिला, कारण गुरुवारी काकांची सुट्टी असते.